अॅव्होकाडो तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतो

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतला अॅव्होकाडोवरचा लेख वाचला. बीला काड्या टोचून ग्लासात ठेवा, मूळ फुटलं की कुंडीत लावा, रोज पाणी घाला वगैरे. पोरांना बी कसं रुजतं ते दाखवायला मस्तच आहे ते, पण बीच्या झाडाला फळ धरायला पाच ते दहा-बारा वर्षं सहज जातात आणि फळ मूळ झाडासारखंच येईल याची काही गॅरंटी नाही. हास ही एवढी गाजलेली जात बीच्याच एका झाडातून निघाली हे खरंय, कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांनी १९३५ला तिचं पेटंट घेतलं, पण तसं नशीब एखाद्याचंच, आणि त्यानंतरची सगळी हास झाडं कलमंच आहेत. फळंच हवी असतील तर सरळ कलम लावा, तीन-चार वर्षांत धरतं.

पण माझा खरा आक्षेप त्या रोज पाणी घाला वर आहे. अॅव्होकाडोची अन्न-पाणी शोषणारी मुळं अगदी वरच्या अर्धा-एक फुटात असतात, त्यांना केसमुळंही फारशी नसतात आणि हवा मात्र भरपूर लागते. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात आणि फायटोफ्थोराला, म्हणजे मूळकुज आणणाऱ्या बुरशीसारख्या जंतूला, आयतंच फावतं, कारण त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. मग पानं बारीक, फिकट येतात, मलूल होऊन लोंबतात, शेंड्याच्या फांद्या वाळायला लागतात. आणि गंमत बघा, पानं लोंबलेली दिसली की माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, अजून दोन बादल्या ओततो, झाड अजून लोंबतं, हा परत ओततो. अहो आधी चार-पाच इंच माती उकरून हाताला ओल लागते का ते तर बघा!

पानांची टोकं करपली असतील तर तो प्रकार वेगळा, तिथे बहुतेक वेळा पाण्यातला किंवा खतातला क्षार साठलेला असतो. त्यासाठी मधूनमधून एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुवून काढतात, पण निचरा असेल तरच.

लावण्याआधी दीड-दोन फूट खड्डा करून पाण्याने भरा, मुरलं की परत भरा, दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे खड्ड्यात झाड लावूच नका. चिकण मातीत खड्डा खणून आत भुसभुशीत माती भरली तर ती बादलीच झाली ना, पाणी जाणार कुठे. त्यापेक्षा एक-दोन फूट उंच, पसरट मातीचा ढीग करून त्यावर लावा. वरून पालापाचोळा, लाकडाचा चुरा जाड थरात टाका, फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा. आणि दरवर्षी आळं खणून खत घालायची हौस इथे नको, कुदळ नेमकी त्या वरच्या मुळांवरच बसते, खत वरूनच पसरा.

पपईचंही तसंच, दोन-चार दिवस पाणी तुंबलं की झाड गेलंच म्हणून समजा. पेरू आंबा बरंच सोसतात, म्हणून आंब्याला चाललं ते सगळ्यांना चालेल असं धरून लोक बसतात.

फुलं लागून गळतात म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एक, अॅव्होकाडोचं फूल दोनदा उघडतं, आधी मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून, आणि हजारात एखाद-दुसरंच फळ धरतं, ते नॉर्मल आहे. फक्त तेव्हा कीटकनाशक मारू नका, मधमाश्या लागतात.

पुढच्या वेळी मूळकुजीवर एखाद्या जाणकाराकडून नीट लिहून घ्या ही विनंती, आणि फोटो फळाचा नको, बुंध्याजवळच्या मातीचा छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक