धुळ्याला वळसा घालून जाणाऱ्या प्रवाशासाठी
(पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र)

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. रात्रंदिवस गाड्या येतात, माणसे ढाब्यावर शेवभाजी खातात आणि पुढे निघतात. शहरात फारसे कोणी शिरत नाही, कारण इथे पाहण्याजोगे काय आहे हे सांगायला वाटेत कोणी भेटत नाही. धुळ्याकडे लेणी नाहीत, राजवाडे नाहीत. इथले मोलाचे सगळे पेठेच्या आखणीत, पाण्याच्या पाटांत आणि जुन्या कागदांत आहे. समजावून सांगणारे माणूस बरोबर नसेल तर यातले काहीच दिसत नाही. म्हणून आमची मागणी पुतळ्याची, कारंज्याची किंवा रोषणाईची नाही. हे शहर उलगडून दाखवण्याची व्यवस्था करा, एवढीच आहे.

सुरुवात आग्रा रोडवरून, सकाळी दुकाने उघडण्याआधी करावी. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे ठरवले. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळाली. बाहेरगावचे व्यापारी यावेत म्हणून घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली, बांधकामाला उचल दिली. त्या वर्षी गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने पाहिलेले धुळे एका अंगाला पांझरा नदी, दुसऱ्या अंगाला पाट आणि भोवती बागायत असे होते. आजही जुन्या धुळ्याच्या वळणावळणाच्या बोळांतून नव्या पेठेत आले की पायाखालची वाट एकदम सरळ होते आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर लागतात. हा बदल दहा मिनिटांच्या चालण्यात कळतो, पण कुठे उभे राहून पाहायचे ते सांगणारी पाटी हवी. ती फ्लेक्सची नको. आमच्या उन्हात फ्लेक्सचा रंग एक-दोन उन्हाळ्यांत उडतो आणि कापड चिरते. लोखंडी पत्र्यावर भाजलेल्या इनॅमलची किंवा काळ्या दगडात कोरलेली पाटी टिकते. मजकूर ऐंशी शब्दांच्या आत असावा, आधी मराठीत आणि खाली एक ओळ अहिराणीत. धुळ्याला ‘धुये’ म्हणणाऱ्या माणसालाही ती पाटी आपली वाटली पाहिजे.

तिथून नदीवर यावे. पांझरेचे पाणी शेतात नेण्याची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे, आणि आमच्या मते जिल्ह्यातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट हीच आहे. नदीत दगडी बंधारा असतो. बंधाऱ्याच्या टोकापासून पाट निघतो, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग. जादा पाणी परत नदीत सोडायला सांडवे ठेवलेले असतात. गावाची भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते आणि एका फडात एकच पीक घेतात. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात दोन हंगामांचे पीक, तिसऱ्यात एका हंगामाचे. पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर तोटा एकट्याच्या अंगावर येत नाही. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. पाटकरी ते देतो, हवालदार त्याच्यावर लक्ष ठेवतो, जागल्या राखण करतो. हंगामाआधी सगळे मिळून पाटातला गाळ काढतात.

ही घडी का विस्कटते, तेही पाहुण्याला सांगायला हवे. ज्वारीच्या फडात एकाने ऊस लावला की त्याला इतरांच्या आधी पाणी लागते आणि पाळी मोडते. प्रत्येकाची विहीर झाली की पाटाचा गाळ काढायला यायची गरज वाटत नाही. वर धरणे झाली की उन्हाळ्याआधीचा बारीक प्रवाह आटतो आणि बंधाऱ्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. प्रख्यात अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत पांझरेच्या पाण्यासाठी नळाचे सायफन बांधायला याच भागात आले. जगभरचे पाणी-अभ्यासक फडाबद्दल लिहितात, पण महामार्गावरून जाणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. एक चालू बंधारा निवडा. तिथून पहिल्या चारीपर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटरची पायवाट नीट करा आणि गावातल्याच पाटकऱ्याला मानधन देऊन तासभर बोलायला लावा. सिमेंटचे सुशोभीकरण मात्र करू नका. पाटाच्या कडेला काँक्रीटचा ओटा बांधला की गाळ काढायला उतरता येत नाही.

दुपार कागदांसाठी ठेवावी, कारण तेव्हा उन्हात फिरवत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायी हिंडून दप्तरे गोळा केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात त्यांचा संग्रह आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडे (हस्तलिखितांच्या वह्या) समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत, आणि समर्थांच्या हातचे म्हणून ओळखले जाणारे वाल्मीकि रामायणाचे हस्तलिखितही तिथेच आहे. अशी ठिकाणे कुठेही मूठभर माणसांच्या निष्ठेवर चालतात. तो एक माणूस बाहेरगावी गेला तर लांबून आलेला पाहुणा दारातून परततो. दोन संस्थांना मिळून दोन प्रशिक्षित, मोडी वाचणारे सहायक आणि आठवड्यातले चार ठरलेले दिवस, सकाळी अकरा ते पाच, एवढे शासनाने करावे.

इथे एक धोका आहे. गर्दी वाढवण्याच्या नादात मूळ कागद काचेच्या पेटीत कायमचे मांडू नका. जुनी शाई बहुधा काजळीची असते. उन्हाने ती उडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की फुटते. कागदाचे उलटे आहे. तो प्रकाशाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून पेटीत हुबेहूब छापलेली प्रत ठेवावी. मूळ पान दाखवायचेच असेल तर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नसावा आणि दर तीन महिन्यांनी पान बदलावे. कसर आणि वाळवी पावसाळ्यात भिंतीकडून येतात, तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर हवे. मोडीतले एखादे पत्र, शेजारी त्याचे देवनागरी वाचन आणि दोन ओळींत अर्थ, अशी तिहेरी मांडणी केली तर सातवीतला मुलगाही तिथे अर्धा तास रमतो.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी एक अशी गीतेवरची अठरा प्रवचने विनोबांनी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तुरुंगात पर्यटकाला जाता येत नाही, जाता येऊही नये. बाहेरच्या रस्त्यावर एक दगड लावला, त्यावर या दोन तारखा आणि दोन नावे कोरली, तरी पुरे.

लळिंगचा किल्ला शहराच्या दक्षिणेला, महामार्गालगतच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सकाळी सातला चढावे, माणशी दोन लिटर पाणी न्यावे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वाटेवर सावली फारशी मिळत नाही, म्हणून पायथ्याशी पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह आधी हवे. लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी आले होते. त्या दिवशी दरवर्षी तिथे लोक जमतात, तेव्हा जादा बस द्यावी. वेळ असेल तर उत्तरेला सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडताना पाहावीत आणि पुढे तापीकाठी थाळनेरला खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी.

रेल्वेने येणाऱ्याला चाळीसगावहून धुळ्याची शाखा आहे. ती १९०० पासून आहे आणि इथेच संपते. स्टेशनवर उतरणाऱ्याच्या हाती पडेल असा एक घडीचा नकाशा छापा. पायी वाटा, बंधाऱ्याची जागा, दोन्ही संस्थांचे दिवस आणि वेळा, पिण्याच्या पाण्याच्या जागा, सगळे एका पानावर मावते. छापण्याआधी तो आम्हाला दाखवा. कोणत्या चारीला कोणत्या महिन्यात पाणी असते, हे आम्ही त्यावर लिहून देऊ.

आपले,
धुळे शहरातले आणि पांझरेकाठचे काही रहिवासी