विषय: तुमच्या कव्हरखाली आमच्या झोपाळ्याला बुरशी लागली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आज चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

खालून इलॅस्टिक असलेलं तुमचं राखाडी मोठं कव्हर दिवाळीनंतर ३,४०० रुपयांना घेतलं. खोक्यावर थंडी-दवापासून पूर्ण संरक्षण असं छापलंय. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि दुपारी अंगणात चटका बसतो. दिवसा फरशीची, लाकडाची ओल वर चढते, रात्री कव्हर आतून पाणी धरतं. हवा खेळायला त्याला एक जाळी नाही, एक भोक नाही. संक्रांतीला पाहुणे येणार म्हणून कव्हर उचललं, तर आत थेंब लोंबत होते. फळ्यांच्या सांध्यांत पाणी, हाताला बुळबुळीत लागलं. पाठीला पांढरी बुरशी, कड्यांच्या गंजाचे तांबडे ओघळ सागवानात मुरलेले.

हा झोपाळा सासऱ्यांनी जुन्या घराच्या तुळईतून करून घेतला. वीस वर्षं अंगणात उघडा होता. रंग उडाला, पण बुरशी कधी लागली नाही. यंदा पॉलिश केलं, ते टिकावं म्हणून कव्हर घेतलं.

आजचं बोलणं ऐका. मी म्हटलं, आत पाणी साचतंय. ते म्हणाले, "धुळे म्हणजे खान्देशच ना? तिकडे तर पंचेचाळीस डिग्री असतं. थंडीचं कव्हर घेतलंच कशाला?" म्हटलं, ते मे महिन्यात. "मग मेमध्ये वाळेल आपोआप." आणि हसले. मागे आणखी कुणीतरी हसलं, तेही मला ऐकू आलं. फोटो पाठवलेत म्हटल्यावर, "फोटोत कव्हर तर चांगलंच दिसतंय." शेवटी सल्ला काय, तर रोज सकाळी काढून वाळवा, संध्याकाळी परत घाला. मी अडुसष्ट वर्षांची आहे. रोज काढ-घाल करायची तर कव्हर घेतलं कशासाठी?

तुमच्या खुर्च्या आमच्याकडे पंधरा वर्षं आहेत, म्हणून दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं. पुन्हा सांगते, त्या कव्हरला हवा जायला एक भोक नाही, आणि हे तुम्हाला माहीत असणारच.

कव्हरचे पैसे आणि पॉलिशचा खर्च पंधरा दिवसांत द्या. नाहीतर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही.

उत्तर लेखी पाठवा. त्या माणसाचा फोन नको.

एक ग्राहक, धुळे