समुद्रावर गेले होते, त्याबद्दल आणि गणेशचवथीबद्दल

लीड्स,
११ ऑगस्ट २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोटो पाठवला आणि आई, तू फोनवर नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला कळतं. समुद्र म्हटला की तुला आबा आठवतात. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. आणखीही एक सांगायचं आहे, ते फोनवर सांगताना मला रडू आलं असतं आणि मग तूही रडली असतीस.

आधी समुद्राचं. आम्ही घरातल्या तिघी गेलो होतो, मी, ती केरळची आणि घानाची. व्हिटबी म्हणून गाव आहे, बंदराचं. इथून थेट बस जाते, तीन पौंड तिकीट, तीन तासांहून जास्त लागतात. वाटेत मैलोन्‌मैल उघडं माळरान, त्यावर हीदरची झुडपं नुकती जांभळी व्हायला लागलेली. राहायला टेकडीवरचं हॉस्टेल होतं, मुलींची खोली वेगळी, आतून कडी, गरम पाणी. जुन्या पडक्या मठाच्या शेजारीच. तिथे चढायला १९९ पायऱ्या आहेत. बाबा, तुम्ही असतात तर मोजत चढला असतात, म्हणून तुमच्या वाटणीच्या मीच मोजल्या.

पाण्यात मी गुडघ्यापर्यंतच गेले, आई. फोटोत लाट मोठी दिसते, पण तेवढी नव्हती. लाल-पिवळी दोन निशाणं रोवतात, त्यांच्यामध्येच उतरायचं, आपल्याकडे असतं तसंच. जीवरक्षक समोर बसलेले होते. भर ऑगस्टातही पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं, पाय बधिर होतात, त्यामुळे कोणी फार वेळ थांबतच नाही. आणि आम्ही तिघींनी एकमेकींची मनगटं धरली होती. "बोटं धरू नकोस बाय, बोटं सुटतात, मनगट धर." बाबा, आश्व्याच्या किनाऱ्यावर तुम्ही हे मला इतक्यांदा सांगितलंय की त्या दोघींना मी काय सांगितलं ते माझं मलाच कळलं नाही, तोंडातून आपोआप आलं. घानाची हसली, पण तिने धरलं मनगट.

आणखी एक खास तुमच्यासाठी. शनिवारी दशमी होती. तुमच्या हिशोबाने तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दहाची पाऊणपट म्हणजे साडेसात, साडेसातला भरती. मी मोठ्या विश्वासाने या दोघींना सांगितलं आणि बंदरावरच्या तक्त्यात पाहिलं तर वेळ जुळेना! मग मागच्या पौर्णिमेची वेळ शोधली. आपल्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या आत-बाहेर समुद्र भरतो, इथे तो चार-साडेचारला भरतो. किनारा वेगळा, म्हणून सुरुवातच वेगळी. पण तिथीमागे साधारण पाऊण तास पुढे सरकायचं, ते इथेही तसंच चालतं. म्हणजे तुमचा हिशोब खरा आहे, नुसते चारेक तास मिळवायचे. ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की आपली माणसं बघत राहतील. आपल्याकडे दोन मीटरच्या आतबाहेरचा खेळ, इथे मोठ्या भरतीला चार-पाच मीटर. धक्क्याला बांधलेल्या होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, आणि दुपारी बघावं तर तरंगतायत.

खाण्याचं विचारशीलच. यॉर्कशरात तळलेला मासा बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. मी आधीच चौकशी केली आणि तेलात तळणारं दुकान शोधलं. मासा हॅडक होता, पांढरा, मऊ, पण मीठ-हळद नाही, आमसूल नाही. त्याच्यापेक्षा मला किपर आवडला. हेरिंग पाठीतून चिरून उघडतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि ओकच्या भुश्श्याच्या धुरावर टांगतात. भिंती धुराने काळ्या कुळकुळीत, वर ओळीने मासे. आत पाऊल टाकलं आणि आजीच्या चुलीवरच्या उतरंडीतल्या खाऱ्या बांगड्यांचा वास आला, अगदी तोच. दोन घेऊन आले, लगेच भाजून खाल्ले. श्रावण गुरुवारपासून, तेव्हा त्यातलं शिल्लक काही ठेवलं नाही, काळजी नको. श्रावण पाळते आहे मी. तांदूळ आहे, तुझी सोलं आहेत, रोज सकाळी पेज होते.

आता ते दुसरं. मी यंदा चवथीला येत नाही. दिवाळीलाही जमणार नाही.

लिहिलं एकदाचं. हे परतीच्या बसमध्ये वहीत सगळ्या तारखा मांडून ठरवलं आहे, उगाच मनात आलं म्हणून नव्हे. अधिक महिन्यामुळे चवथ यंदा १४ सप्टेंबरला गेली आणि माझा प्रबंध जमा करायचा आहे त्याच आठवड्यात. त्यानंतर निकाल, आणि निकालानंतर इथे नोकरी करायच्या व्हिसाचा अर्ज. तो अर्ज इथे असतानाच करावा लागतो आणि उत्तर येण्याआधी देश सोडला तर अर्ज रद्द धरतात. उत्तराला आठ आठवडेही लागू शकतात. ३१ डिसेंबरच्या आत अर्ज केला तर दोन वर्षं मिळतात, १ जानेवारीपासून करणाऱ्यांना दीडच. मधल्या दिवसांत धावती फेरी मारता आली असती, मोपाचा विमानतळ आता आपल्या दारातच आहे, हेही मला कळतं. पण अर्जाची फी, वर आरोग्याचे वर्षाला हजार पौंडांवर भरायचे, त्यात तिकीट बसत नाही. आणि ते पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत, हेही मी ठरवलं आहे. बाबा, रागावू नका. पेन्शनला हात लावायचा नाही. आरोग्याचे पैसे भरले की डॉक्टरकडे वेगळे द्यावे लागत नाहीत, तेव्हा तीही काळजी नको. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी तुमच्या जन्माची नोंद लिस्बनला न्यायचा विषय मी काढत नाहीये, तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. ब्रेक्झिटनंतर त्याचा इथे राहायला उपयोगही नाही.

दोन वर्षं म्हणजे कायमचं नाही. कर्ज फिटेल, हाताला अनुभव येईल. भूजलाचं काम शिकलेल्या माणसाला आपल्याकडे काम कमी पडणार नाही, मे महिन्यात आपल्याच विहिरीचं पाणी कसं मचूळ होतं ते तुम्ही पाहताच. मला परत यायचंच आहे.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. बाबा, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला शिडीवर तुम्ही चढायचं नाही. रानफळं, रानफुलं, काय काय हवं त्याची यादी करा, म्हापशाच्या बाजारातून काकांबरोबर जाऊन आणा, पण बांधायची वाड्यावरच्या पोरांनी. तुम्ही खुर्चीत बसून कुठे काय लावायचं ते सांगायचं. त्या वर्षीसारखं परत झालेलं मला चालणार नाही. रक्तदाबाची गोळी सकाळीच, चहाच्या आधी डबा उघडायचा. बांबोळीच्या इस्पितळाची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे, काकांना आजच सांगून ठेवा. बसने जायचं नाही, गाडी करा, पैसे मी पाठवले आहेत. आणि पाऊस थांबेपर्यंत किनाऱ्यावर फिरायला जायचं नाही. देवळापर्यंत जा.

आई, पातोळ्या कर, पण नेवऱ्या शेजारच्या काकूंकडूनच घे. इतका वेळ जमिनीवर बसून लाटायच्या नाहीत, तुझा गुडघा मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी दिलेला पट्टा कपाटात घडी घालून ठेवायला नाही दिला. मी नाही म्हणून माझ्या नावचा नैवेद्य वेगळा काढू नकोस, तुला जेवण जाणार नाही. हळदीचं एक पान मात्र सुकवून ठेव माझ्यासाठी, पुढच्या वर्षी नेईन.

आरतीला फोन लावा. तुमचे साडेबारा म्हणजे माझे सकाळचे आठ, मी आंघोळ करून तयार असेन. फोन समईच्या मागे ठेवू नका, नुसता उजेड दिसतो. बाबांच्या हातात द्या. आणि बांबोळीहून आलात की रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, पहिल्याच पानाचा नको.

तुमची,
बाय