28 दिवसांचा हिशेब कुणी सांगितलाच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या मुलीला ब्रिटनमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि 9 महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस असावा लागतो. दिवाळीनंतर कापूस विकला, बहिणीकडून उसने घेतले, रक्कम जमली. 19 व्या दिवशी त्याच खात्यातून ट्रॅक्टरचा हप्ता कापला गेला. पासबुक भरून आणलं, तर शिल्लक साडेचार हजारांनी कमी. बँकेच्या पायरीवर बसून मी तो आकडा बोट ठेवून दोनदा वाचला. एक दिवस जरी रक्कम खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून! ज्या एजंटाने 40 हजार घेतले, त्याने याचा एक शब्दही काढला नव्हता.

पैसे बापाच्या खात्यात असले तर मुलीचा जन्मदाखला आणि बापाचं संमतीपत्र लागतं. दाखल्यावर माझं नाव अर्धवट. ऐन तुरीच्या सोंगणीत ग्रामपंचायतीच्या चकरा झाल्या. क्षयरोग तपासणीचा दाखला वेगळाच. जानेवारीचा प्रवेश हुकला, आता सप्टेंबर. पोरगी काही बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं.

अमरावती विद्यापीठाने तालुक्याच्या कॉलेजांत वर्षातून एकदा तरी याचं शिबिर घ्यावं, पालकांनाही बोलवावं. आणि 28 दिवस पूर्ण झाल्यावर 31 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, एवढं तरी आपण ठळक छापावं, ही विनंती.

– एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ