रंगीत दगड गोळा करायला निघण्यापूर्वी

महोदय,

पावसाळा सरला की हौशी मंडळांच्या दगड-सहली सुरू होतात. उत्साह चांगलाच, पण हाती आलेले सुंदर नमुने घरी पोचेपर्यंत चुरा झालेले पाहून जीव हळहळतो.

आपल्या काळ्या बेसॉल्टच्या (लाव्हा थिजून झालेल्या दगडाच्या) पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक असतात: पीच रंगाचे स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट, वाघोलीच्या खाणीत तर निळेशार कॅव्हानसाइट सापडले आहे. यांच्यावर थेट हातोडा नको. स्फटिकापासून चार बोटे सोडून भोवतालचा दगड छिन्नीने हळूहळू फोडावा. अपोफिलाइट एकाच पातळीत पापुद्र्यासारखे सुटते, एक हादराही पुरतो. कॅव्हानसाइटच्या सुयांत टिश्यूचे धागे अडकतात व ओढताना सुया मोडतात. म्हणून गुंडाळू नये, डबीच्या तळाशी दगडाची मागची बाजू पक्की बसवावी. डोळ्यांवर गॉगल हवाच, कपच्या काचेसारख्या उडतात. खाणमालकाची परवानगी घ्यावी, कड्याखाली उभे राहू नये.

धुवायला साधे पाणी आणि मऊ ब्रश. आम्लात कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) विरघळते, काही झिओलाइट (स्टिल्बाइटच्या गटातली खनिजे) बुळबुळीत होतात. विस्तवाजवळ वाळवू नये. स्टिल्बाइटच्या रचनेतच पाणी असते, ते गेले की चकाकी जाते.

जीवाश्मांची गोष्ट वेगळी. चंद्रपूरचे पिसदुरा असो की सिरोंच्याजवळचे वडधम, तिथले काहीही उचलू नये. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा. कोणत्या थरात सापडले हेच कळले नाही, तर अभ्यासाच्या दृष्टीने तो नुसता दगड उरतो.

– खनिज अभ्यास गटाचे सदस्य, पुणे