ब्रुनोच्या दमाबद्दल

वर्धा
१८ मार्च

प्रिय गजा,

पत्र मिळालं. तुझा बुलडॉग ब्रुनो घरात रुळला हे वाचून बरं वाटलं. पण ‘बांधापर्यंत जातो अन् पसरतो, मग ओढत न्यावा लागतो, जातीचा आळशी आहे’ असं जे लिहिलंस, ते पटलं नाही गड्या. त्याला हवा पुरत नाही. ओढू नको. तो बसला की तूही बस.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा खेळवून तो अंग गार करतो. बुलडॉगचं नाकाडाचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. नाकपुड्या चिरेसारख्या, टाळूचा मागचा मऊ पडदा घशात लोंबणारा, जीभ जाड, काहींची श्वासनळीही बारीक. तुला मोटारीच्या भाषेत सांगतो. विहिरीत पाईपच्या तळाशी असतो त्या फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला की मोटार ओढतच राहते आणि सक्शनचा मऊ पाईप चपटा होतो ना? त्याच्या घशात तेच होतं. ओढून ओढून मांस सुजतं, वाट आणखी बारीक होते, मग आणखी जोर. वर्षानुवर्षं असंच चाललं तर स्वरयंत्राची कूर्चासुद्धा आत ढासळते. म्हणून ‘बुलडॉग आहे, घोरणारच’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

आज रात्री तो गाढ झोपला की घड्याळ घेऊन बस. छाती वर गेली, खाली आली की एक. ३० सेकंद मोज, दुप्पट कर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. असं तीन रात्री. आकडा ३०च्या आत हवा. रोजच वर जात असेल तर डॉक्टर गाठायचा. दुसरं, तो झोपतो कसा ते पाहा. उंबरठ्यावर हनुवटी टेकवून, मान ताणून झोपतो का? बसल्या बसल्या डुलक्या घेतो आणि गुदमरून दचकतो का? पोरांना ते लाडिक वाटेल, पण आडवं झाल्यावर घसा बंद होतो म्हणून तो तसं करतो. खाल्लेलं किंवा पांढरा फेस वर येत असेल तर तेही सांग, त्याचं मूळ बहुतेकदा याच ओढाताणीत असतं. आणि आवाज ओळखायला शीक. जाड घोरल्यासारखा आवाज नाकाचा आणि टाळूचा. श्वास आत घेताना बारीक, करवतीसारखा किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर तो स्वरयंत्राचा, त्यात दिवस घालवायचे नाहीत.

आता फिरवण्याचं. बुलडॉग माणसाच्या मागे हट्टाने येत राहतो, स्वतःहून थांबेलच याचा भरवसा नाही. म्हणून किती चालला याला फार अर्थ नाही, परतल्यावर धाप किती वेळात बसली हे पाहायचं. सुरुवातीला दिवसातून दोनदा, ५ ते ७ मिनिटं, सपाट पांदणीने. सावलीत आणून घड्याळ लाव. १० मिनिटांत श्वास शांत झाला तर पुढच्या आठवड्यात २ मिनिटं वाढव. नाही झाला तर आहे तिथेच थांब किंवा कमी कर. एका वेळी १५-२० मिनिटं त्याला पुष्कळ झाली. गळ्यातला पट्टा काढून टाक, छातीवरून जाणारा हार्नेस घाल. जेवणानंतर दोन तास फिरवणं नाही. वजनावर लक्ष ठेव: नर २५ किलोच्या आसपास, फासळ्या बोटांना सहज लागायला हव्यात. घशाभोवतीची चरबी वाट आणखी आवळते, म्हणून वहिनींना सांग, तूप बंद.

चैत्र लागला की पहाटे पाचला काढायचा, संध्याकाळी आठच्या आधी नाही. डांबरी सडकेवर उलटा हात ७ सेकंद टेकव; ठेववला नाही तर त्याचे पायही भाजणार. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर नुसतं अंगणात नेऊन आणायचा. मे महिन्यात आपला कूलर छान चालतो, कारण हवा कोरडी असते. मृगाची सर पडून उकाडा झाला की तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो आणि धापेने अंग गार होणं थांबतं. तेव्हा पाणी बंद, नुसता पंखा, समोरची खिडकी उघडी. श्रावणातला २८ अंशांचा दमट दिवसही त्याला जड जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आणि शेततळ्याकडे मोकळा सोडू नको. जड डोक्याचा बुलडॉग पोहत नाही, बुडतो. त्यात तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून पाय निसटतात.

ऊन लागलं की आपल्याकडे आधी कांदा आठवतो. त्याला कांदा द्यायचा नाही, फोडणीतलाही नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तापाची माणसांची गोळीही नाही.

जीभ निळी-जांभळी, हिरड्या विटकरी लाल, चिकट लाळ, झोकांड्या, यातलं काहीही दिसलं की तिथल्या तिथे गार करायला घे, गाडी नंतर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात तापलेलं असतं, विहिरीचं किंवा रांजणातलं घे. बर्फ शोधत बसू नको. पोट, जांघा, काखा भिजवत राहा आणि पंखा लाव. ओलं गोणपाट वरून पांघरू नको, आत वाफ कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नको. गुदद्वारातून थर्मामीटर लाव: नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ म्हणजे जिवाशी गाठ. १०३.५वर आलं की पाणी ओतणं थांबव, नाहीतर गरजेपेक्षा जास्त गार होईल. सावरला तरी दवाखान्यात नेच, मूत्रपिंड दोन-तीन दिवसांनी दगा देऊ शकतं.

हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर मात्र घशाऐवजी गोचिडांचा संशय घे. कानात आणि बोटांच्या बेचक्यात तपास. गोचीडतापाने रक्त कमी होतं आणि तशीच धाप लागते.

उन्हाळा तापायच्या आत त्याला एकदा नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखव. ते चालवून आधी-नंतर घसा ऐकतील. नाकपुड्या मोठ्या करणं, टाळूचा पडदा कापणं या शस्त्रक्रिया होतात आणि घसा बिघडायच्या आधी केल्या तर जास्त उपयोगी पडतात. भूल मात्र या जातीला जोखमीची, त्यामुळे नखं कापायला म्हणून कुणी झोपेचं इंजेक्शन काढलं तर सरळ नाही म्हण.

हार्नेस इथून विकत घेऊन तिकडे येणाऱ्या एसटीने पाठवतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सुतळीने मोज, वर दोन बोटं ढील धर आणि सुतळी टेपवर लावून आकडा कळव. सोबत तीन रात्रींचे श्वासही.

तुझा,
दिनू