'नकळत' दारू सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' ही चौकट वर्षानुवर्षं येते. आठ वर्षांपूर्वी माझ्या बायकोने कानातली फुलं मोडून, त्या चौकटीतल्या नंबरवरून साडेतीन हजारांची पावडर मागवली. रोज आमटीत चिमूटभर टाकायची. मी आमटी ओरपून गुत्त्यावर जायचो. पावडरीत काय होतं देव जाणे, पण माझा खरा राग 'नकळत' या शब्दावर आहे.

मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे भाग कातणारा. पुढे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहिलो आणि दारू थांबली. (रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होतात. डॉक्टर लागतो.) खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. कंपनी साडेपाचला सुटते. सहा ते आठ काय करायचं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं! वीस वर्षं तो वेळ गुत्त्याच्या बाकावर गेलेला.

केंद्रातल्या ताईंनी चार शब्द पाठ करून घेतले होते: भूक, राग, एकटेपण, थकवा. तलफ आली की आधी यातलं काय आहे ते बघायचं. मला हे लेथवरून पटलं. कातताना जॉब (कातायचा भाग) थरथरायला लागला, म्हणजे चॅटर आलं, तर टर्नर जॉबला शिव्या देत नाही. टूलची धार बघतो, पकड बघतो, स्पीड कमी करतो. तेव्हापासून गेटवर शेंगदाणे-गूळ खाल्ल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. माझी निम्मी तलफ म्हणजे नुसती भूक असायची. उरलेली तलफ पंधरा-वीस मिनिटं कळ काढली की ओसरते.

तरी सातव्या महिन्यात घसरलो. दुःख वगैरे काही नव्हतं. खिशात दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइमने अंग मोडून आलेलं आणि दुपारचा डबा तसाच. तीन आठवडे प्यायलो. त्यानंतर आजपर्यंत नाही. येत्या दिवाळीनंतर सहा वर्षं होतील.

पैशाचंही तसंच. एटीएम कार्ड बायकोकडे, मला रोजचे वीस रुपये. मग एकदा तिने पाचशेची नोट देऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात पाठवलं. परत येऊन कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला, तर दहा रुपये लागेनात. वांगी, मेथी, सुकट, पुन्हा बेरीज. घाम फुटला. ती काहीच बोलेना. शेवटी पिशवीच्या तळाशी कोथिंबीर सापडली. मायक्रोनची मापं घेणारा माणूस मी, पण त्या दहा रुपयांइतकं काही मोजलं नव्हतं.

नाही म्हणायलाही शिकावं लागलं. गटारीला 'दारू वाईट' म्हटलं की चौघं अंगावर येतात. 'डॉक्टरची गोळी चालू आहे, प्यायलो तर ॲडमिट करावं लागेल' म्हटलं की ग्लास पुढे करणाराच मागे घेतो. माझी गोळी तेव्हा खरंच चालू होती. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. कुणी जेवणातून लपवून दिली आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

आता बुधवारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. आम्हीही बोलतच बसतो. एका शाळेने 'बेवड्यांना वर्ग देत नाही' म्हणून सांगितलं, म्हणून सध्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. उठताना प्रत्येकाचे खांदे पांढरे झालेले असतात.

विनंती एवढीच की ती चौकट बंद करावी. धंद्यापायी जमत नसेल तर निदान तिच्या शेजारी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर छापावा, तो मोफत आहे. आणि 'आजचे कार्यक्रम'मध्ये आमच्या मीटिंगला एक ओळ द्यावी.

वर्तमानपत्रात नाव न देण्याची आमच्याकडे परंपरा आहे, म्हणून नाव छापू नये. त्या पावडरीची पावती बायकोने डब्यात जपून ठेवली आहे. हवी असल्यास झेरॉक्स पाठवतो.

आपला वाचक,
एक टर्नर, कोल्हापूर